मऊ सागरी चिकणमाती किती दबते आणि किती पेलते: नवख्यांसाठी मार्गदर्शक

मऊ सागरी चिकणमातीशी पहिल्यांदा गाठ पडणारा अभियंता बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो: या मातीचे कर्तनसामर्थ्य, म्हणजे शिअर स्ट्रेंग्थ, किती धरायचे? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. मातीने आजवर किती दाब सोसला आहे, नवा भार किती वेगाने येतो आहे, छिद्रांतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट आणि वेळ आहे की नाही, आणि माती कोणत्या दिशेने कातरली जाणार आहे, या चार गोष्टींवर तो आकडा ठरतो. त्यामुळे एकाच थरातील एकाच मातीसाठी दोन प्रामाणिक प्रयोगशाळा दोन वेगळे आकडे देऊ शकतात आणि दोन्ही बरोबरही असू शकतात.

पुढील पायऱ्या या चार गोष्टी एकामागून एक हातात याव्यात अशा बेताने लिहिल्या आहेत. हिशेबासाठी एक कल्पित थर घेऊ: जाडी १० मीटर, भूजल पातळी जमिनीलगत, व्हॉइड रेशो म्हणजे घन कणांच्या घनफळाशी छिद्रांच्या घनफळाचे गुणोत्तर २, ओलावा सुमारे ७४ टक्के, आणि त्यावर ३ मीटर उंचीचा रुंद भराव घालायचा आहे.

पहिली पायरी: माती कशी बसली ते समजून घ्या

चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असल्याने हे ढकलणे क्षीण होते, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात आणि त्या गुठळ्या पोकळ, विस्कळीत रचनेने तळाशी बसतात. या पोकळ रचनेतच पाण्याचा मोठा साठा अडकतो. म्हणून सागरी चिकणमातीत घन भागापेक्षा पाण्याचे घनफळ जास्त असणे ही नेहमीची बाब आहे. आपल्या उदाहरणात ते बरोबर दुप्पट आहे.

प्रथम नैसर्गिक ओलावा, लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती द्रवासारखी वाहू लागते) आणि प्लॅस्टिक लिमिट (ज्या ओलाव्याखाली ती वळताना तडकते) मोजून घ्यावी. येथे एक सूचना आवर्जून करतो: या चाचण्यांआधी माती ओव्हनमध्ये वाळवू नये. सेंद्रिय अंश असलेली चिकणमाती एकदा वाळली की पुन्हा भिजवूनही पूर्वीसारखी होत नाही आणि लिक्विड लिमिट खऱ्यापेक्षा कमी येते. नैसर्गिक ओलावा लिक्विड लिमिटच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक निघाला, तर ही माती जागेवर उभी आहे ती केवळ आपल्या रचनेच्या बळावर, असे समजावे. ती ढवळली गेली की तिचे बळ झपाट्याने उतरते. अविचलित मातीच्या सामर्थ्याला ढवळलेल्या मातीच्या सामर्थ्याने भागले असता जे गुणोत्तर मिळते त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ते ४ ते ८ असेल तर काळजी घ्यावी. समुद्रात बसलेली माती जमीन वर उचलली गेल्यामुळे पाण्याबाहेर आली आणि गोड्या पाण्याने तिच्यातील क्षार धुऊन नेले, तर हेच गुणोत्तर ३० च्या पुढे जाते आणि ढवळलेली माती अक्षरशः वाहू लागते. नॉर्वेतील रिसा येथे १९७८ साली एका शेतावरील खोदकामाची माती तळ्याच्या काठावर टाकली गेली आणि त्या किरकोळ निमित्ताने सुरू झालेल्या स्खलनात ५० लाख घनमीटरांहून अधिक माती सरकली.

दुसरी पायरी: आज मातीवर किती प्रभावी ताण आहे ते काढा

कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले तत्त्व या साऱ्या विषयाचा पाया आहे. एकूण ताणातून छिद्रजलदाब वजा केला की उरतो तो प्रभावी ताण, आणि मातीचे दबणे व कातरण्याला विरोध करणे या दोन्ही गोष्टी केवळ त्यावरच अवलंबून असतात. पाण्याला कर्तनरोध नसतो. विरोध होतो तो कणाकणांतील संपर्कामुळे.

आपल्या थरात मातीचे एकक वजन दर घनमीटरला १५.४ किलोन्यूटन आहे. पाण्याचे ९.८ वजा केले की ५.६ उरतात. थराच्या मध्यावर, म्हणजे ५ मीटर खोलीवर, प्रभावी ताण ५ गुणिले ५.६, म्हणजे केवळ २८ किलोपास्कल. दीड मीटरचा वाळूचा भरावसुद्धा एवढाच दाब देतो. म्हणजे तिथल्या मातीला आजवर जेवढे ओझे माहीत आहे, त्याच्या दुप्पट ओझे आपण तिच्यावर वरून टाकणार आहोत. हा हिशेब दर मीटर खोलीसाठी करून त्याचा आलेख समोर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: नमुना न बिघडवता मिळवा

मऊ मातीत स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्टचा, म्हणजे सॅम्पलर ठोकत नेऊन घाव मोजण्याच्या चाचणीचा, उपयोग नाही असेच मी म्हणेन. सळईच्या स्वतःच्या वजनानेच सॅम्पलर खाली जातो, अहवालात शून्य किंवा एक असा आकडा लिहिला जातो, आणि त्यावरून सामर्थ्य काढणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा पोशाख चढवणे होय.

नमुन्यासाठी पातळ भिंतीची नळी आणि स्थिर पिस्टनचा सॅम्पलर वापरावा, नळी ठोकू नये, सलग आणि संथ दाबावी, दाबल्यावर थोडा वेळ तशीच राहू द्यावी आणि मग अलगद फिरवून वर काढावी. बोअरहोल द्रवाने भरलेले ठेवावे, अन्यथा तळाची माती आधीच फुगून सैल होते. नळीची तोंडे मेणाने बंद करून ती उभी वाहून न्यावी.

एवढे करूनही नमुना कितपत चांगला राहिला, याची परीक्षा प्रयोगशाळेत घ्यावी लागते. नमुन्यावर जागेवरचा प्रभावी ताण पुन्हा लावावा आणि तेवढ्याने तो किती दबतो ते पाहावे. जागेवर तो त्या ताणाखालीच होता. म्हणून आदर्श नमुना जवळपास दबू नये. टॉम लुने आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुचवलेल्या निकषानुसार, फारशी अतिसंघनित नसलेल्या, म्हणजे आजच्याहून फार मोठा दाब पूर्वी न सोसलेल्या, मातीत व्हॉइड रेशोतील घट मूळ रेशोच्या ४ टक्क्यांच्या आत असेल तर नमुना उत्कृष्ट, ७ टक्क्यांपर्यंत स्वीकारण्याजोगा आणि १४ टक्क्यांपलीकडे अगदीच वाईट मानला जातो. आपल्या मातीत ४ टक्के म्हणजे व्हॉइड रेशोत ०.०८ ची घट, अर्थात नमुन्याच्या उंचीत सुमारे २.७ टक्के. अहवालात हा आकडा दिलेला नसेल, तर तो मागून घ्यावा. खराब नमुन्यावर केलेली महागडी चाचणी अखेर खराब नमुन्याविषयीच काही तरी सांगते.

चौथी पायरी: माती किती दबेल आणि किती काळ दबत राहील

ओडोमीटर या दबणे मोजण्याच्या यंत्रात कड्यात बसवलेल्या नमुन्यावर टप्प्याटप्प्याने भार वाढवत नेतात. दाबाच्या लघुगणकासमोर व्हॉइड रेशो मांडला की वक्र आधी सपाट जातो आणि एका ठिकाणी वाकून तीव्र उतार धरतो. हे वाकण्याचे ठिकाण म्हणजे पूर्वसंघनन दाब, म्हणजे मातीच्या स्मरणातला सर्वांत मोठा दाब. तो काढण्याची आर्थर कॅसाग्रांडे यांची १९३६ ची आलेखपद्धत आजही प्रचलित आहे. नमुना बिघडला असेल तर वक्राचा हा कोपरा गोलसर होतो आणि पूर्वसंघनन दाब कमी दिसतो.

माझ्या दृष्टीने संपूर्ण तपासणीतला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे, कारण विरूपण आणि सामर्थ्य या दोन्हींची किल्ली त्यातच आहे. या दाबाच्या आत माती थोडीच दबते. तो ओलांडला की रचना मोडू लागते आणि दबण्याचे प्रमाण आठ-दहा पटींनी वाढते. वरून कधीच काही खणले गेले नसले तरी हा दाब आजच्या प्रभावी ताणापेक्षा बऱ्याचदा थोडा अधिक निघतो, कारण शतकानुशतके एकाच ताणाखाली माती संथपणे दबत राहिल्यामुळे कणांची बैठक पक्की होते.

आपल्या थरासाठी पूर्वसंघनन दाब ४० किलोपास्कल, कॉम्प्रेशन इंडेक्स (वक्राच्या तीव्र भागाचा उतार) ०.८ आणि रीकॉम्प्रेशन इंडेक्स (आधीच्या सपाट भागाचा उतार) ०.१ धरू. ३ मीटरचा भराव, दर घनमीटरला १९ किलोन्यूटन या हिशेबाने, ५७ किलोपास्कल भार देतो. म्हणजे मध्यावरचा ताण २८ वरून ८५ वर जाईल. इंडेक्सला १ अधिक व्हॉइड रेशोने भागून थराच्या जाडीने आणि ताणांच्या गुणोत्तराच्या लघुगणकाने गुणले, की २८ ते ४० या टप्प्यात खचण होते सुमारे ५ सेंटिमीटर, तर ४० ते ८५ या टप्प्यात सुमारे ८७ सेंटिमीटर. एकूण सुमारे ९२ सेंटिमीटर खचणीतला जवळजवळ सगळा भाग पूर्वसंघनन दाबाच्या पलीकडचा आहे, हे पाहिल्यावर तो दाब ४० ऐवजी ३० किंवा ५० निघाल्यास काय होईल, हे वाचकाने स्वतः मांडून पाहावे. (प्रत्यक्ष कामात थराचे एक-एक मीटरचे काप करून हिशेब करतात, आणि खचलेला भराव पाण्याखाली गेल्याने त्याचे वजन घटते हेही धरतात.)

आता काळ. थराच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाळू असेल, तर पाण्याला कमाल ५ मीटर वाट चालावी लागते. संघनन, म्हणजे पाणी बाहेर पडत माती दबणे, किती वेगाने होते हे सांगणारा संघनन गुणांक वर्षाला १ चौरस मीटर असेल, तर टेर्झागींच्या सिद्धांतानुसार ९० टक्के संघननाला ०.८४८ गुणिले २५, म्हणजे सुमारे २१ वर्षे लागतात. खालची बाजू बंद असेल तर वाट दुप्पट आणि काळ चौपट होतो. म्हणूनच बोअरहोलच्या नोंदीतील वाळूच्या पातळ पट्ट्या काळजीपूर्वक पाहाव्यात. बोटभर जाडीची सलग पट्टी सगळा हिशेब बदलते. मातीत १.२ मीटर अंतरावर उभ्या निचरापट्ट्या, म्हणजे पीव्हीडी, घातल्या आणि आडव्या दिशेचा गुणांक वर्षाला २ चौरस मीटर धरला, तर आदर्श गणिताने हाच काळ सुमारे सहा महिन्यांवर येतो. पट्टी खुपसताना भोवतालची माती लिंपली जाऊन पाण्याची वाट चोंदते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ गृहीत धरावा.

जादा छिद्रजलदाब ओसरल्यानंतरही दबणे संपत नाही. असेंद्रिय चिकणमातीत या मागाहूनच्या दबण्याचा, म्हणजे दुय्यम संघननाचा, गुणांक कॉम्प्रेशन इंडेक्सच्या साधारण ०.०४ पट असतो. आपल्या थरात याचा अर्थ दहाव्या वर्षापासून शंभराव्या वर्षापर्यंत आणखी सुमारे ११ सेंटिमीटर. निचरापट्ट्या जिथवर पोचत नाहीत, त्या खोल थरांचाही विसर पडू नये: १९९४ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या कन्साई विमानतळाच्या पहिल्या बेटाखालचा वरचा मऊ थर वालुकास्तंभांनी लवकर संघनित केला गेला, मात्र त्याखालील जुन्या, खोल चिकणमातीचे दबणे अजूनही चालूच आहे.

पाचवी पायरी: कातरताना मातीत काय घडते

मऊ, सैल बसलेली माती कातरली गेली की तिला आकसायचे असते. भार संथ असेल तर पाणी निघून जाते, माती आकसते आणि घट्ट होत जाते. भार चटकन आला तर पाणी बाहेर पडू शकत नाही आणि आकसण्याची ही ओढ छिद्रजलदाबाच्या वाढीत रूपांतरित होते. दाब वाढला म्हणजे प्रभावी ताण घटला, आणि त्याबरोबर घर्षणही घटले. मऊ मातीत चटकन केलेला भराव ढासळतो आणि तोच भराव सावकाश केला तर टिकतो, याचे मूळ येथे आहे.

याच कारणाने अनड्रेन्ड, म्हणजे निचरा न होऊ देता केलेल्या, नमुन्याला सभोवार दाब देऊन वरून दाबण्याच्या ट्रायअ‍ॅक्सियल चाचणीत संपृक्त नमुन्यावर बाहेरून कितीही जादा दाब लावला तरी तो सगळा पाणीच उचलते आणि सामर्थ्य तेवढेच राहते. आलेखावर घर्षणकोन शून्य दिसतो. मातीत घर्षण नाही असा त्याचा अर्थ नव्हे. प्रभावी ताणात मोजले तर याच मातीचा कोन साधारणपणे २० ते ३० अंशांच्या दरम्यान आणि संसक्ती, म्हणजे दाबाविनाही असणारे चिकटबळ, जवळपास शून्य निघते. नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच उडतो. एका हिशेबात एकूण ताण व अनड्रेन्ड सामर्थ्य, किंवा प्रभावी ताण व प्रभावी कोन, यांपैकी एकच जोडी वापरावी. सरमिसळ करू नये.

आता एक चाचणी जवळून पाहू. जागेवर केलेल्या व्हेन शिअर टेस्टमध्ये चार पात्यांची फुली, समजा ६५ मिलिमीटर रुंद आणि १३० मिलिमीटर उंच, अविचलित मातीत दाबली जाते आणि मिनिटाला ६ अंश या वेगाने फिरवली जाते. सुरुवातीचे काही अंश काटा सरळ चढतो, मग चढण मंदावते, एक शिखर येते आणि काटा उतरू लागतो: पात्यांभोवती मातीचा एक दंडगोल कातरून सुटा झालेला असतो. या मापाच्या पात्यांची एक सोयीची गोष्ट अशी की न्यूटन-मीटरमधील टॉर्कचा आकडा आणि किलोपास्कलमधील सामर्थ्याचा आकडा जवळजवळ एकच येतो. ९ न्यूटन-मीटर वाचले म्हणजे ९ किलोपास्कल. त्यानंतर फुली भराभर किमान दहा वेळा फिरवून पुन्हा संथ वेगाने वाचन घेतले की ढवळलेल्या मातीचे सामर्थ्य मिळते आणि सेन्सिटिव्हिटी जागेवरच हाती येते. सळईच्या घर्षणाचा टॉर्क वेगळा मोजून वजा करायला मात्र विसरू नये. एवढ्या मऊ मातीत तो खऱ्या आकड्याच्या बरोबरीचा असू शकतो.

हा आकडा जसाच्या तसा संकल्पनात घेऊ नये. चाचणी काही मिनिटांत होते, भराव कित्येक दिवस किंवा आठवडे चढत असतो, आणि कातरण्याचा वेग दहापट कमी झाला की सामर्थ्य साधारण दहा टक्क्यांनी उतरते. लॉरिट्स बेर्रुम यांनी प्रत्यक्ष ढासळलेल्या भरावांचा उलट हिशेब करून १९७२ मध्ये दुरुस्तीचा वक्र दिला. प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट यांतील फरक, २० च्या आसपास असेल तर गुणक १ च्या जवळ, ६० च्या आसपास असेल तर सुमारे ०.७५.

दिशेचा मुद्दाही आहे. भरावाच्या मध्याखाली माती उभी दाबली जाते, घसरपृष्ठाच्या तळाशी आडवी कातरली जाते, आणि पायथ्याबाहेर खालून वर रेटली जाते. पहिल्या ठिकाणी सामर्थ्य सर्वाधिक, शेवटच्या ठिकाणी सर्वांत कमी, आणि मधले या दोहोंच्या सरासरीजवळ. म्हणून केवळ ट्रायअ‍ॅक्सियल दाबचाचणीवर विसंबलेला हिशेब धोक्याच्या बाजूला झुकतो. नमुना आडवा कातरणारी डायरेक्ट सिंपल शिअर चाचणी सरासरीसाठी अधिक योग्य ठरते.

सहावी पायरी: सामर्थ्य ठरवा आणि भराव टप्प्यांत बसवा

घोलामरेझा मेस्री यांनी १९७५ मध्ये दाखवलेला संबंध हाताशी ठेवावा: घसरपृष्ठावर सरासरीने वापरता येणारे अनड्रेन्ड सामर्थ्य पूर्वसंघनन दाबाच्या सुमारे ०.२२ पट असते. आपल्या मातीत ०.२२ गुणिले ४० म्हणजे ८.८ किलोपास्कल. दुरुस्त केलेले व्हेनचे आकडे याच्या आसपास आले तर विश्वास बसतो. फार दूर गेले तर कारण शोधावे. कारण बहुधा शिंपले, वाळूचे थर किंवा बिघडलेला नमुना यांपैकी एक असते.

मऊ थराची धारणक्षमता ढोबळमानाने सामर्थ्याच्या ५.१४ पट, म्हणजे ४५ किलोपास्कल. भरावाचा भार ५७ आहे. एकदम घातला तर तो उभाच राहणार नाही. आता टप्पे करून पाहू. पहिला टप्पा १.५ मीटर: भार २८.५, सुरक्षा गुणक (क्षमता भागिले भार) सुमारे १.६. हा टप्पा पूर्ण संघनित होऊ दिला की मध्यावरचा प्रभावी ताण ५६.५ होतो, म्हणजे नवा पूर्वसंघनन दाब तोच, सामर्थ्य १२.४ आणि क्षमता ६४. आता थेट ३ मीटरवर गेलो तर गुणक केवळ १.१ राहतो, म्हणून मधला टप्पा २.२५ मीटरचा घ्यावा, भार ४२.७५, गुणक १.५. तो संघनित झाल्यावर सामर्थ्य सुमारे १५.६, क्षमता ८०, आणि ३ मीटरला गुणक १.४. सुरुवातीच्या ८.८ पासून १५.६ पर्यंत सामर्थ्य वाढवले ते त्याच भाराने, ज्याने थर ढासळला असता. हा झाला ढोबळ हिशेब. मध्यावरचा एकच आकडा यात संपूर्ण थरासाठी वापरला आहे, तर प्रत्यक्षात वरच्या भागात सामर्थ्य याहून कमी असू शकते. संकल्पनासाठी खोलीप्रमाणे बदलणारे सामर्थ्य घेऊन घसरपृष्ठाचे विश्लेषण करावेच लागते.

सातवी पायरी: भराव चढताना मातीचे ऐका

टप्प्यांची योजना संघनन झाले या गृहीतावर उभी असते, म्हणून ते झाले की नाही हे पंचांग पाहून ठरवू नये. भरावाच्या तळाशी खचण मोजणारी सेटलमेंट प्लेट, थरात तीन-चार खोलींवर छिद्रजलदाब मोजणारे पिझोमीटर आणि पायथ्याशी आडवी सरक मोजणारा इनक्लिनोमीटर, ही किमान साधने भराव सुरू होण्याआधी बसवावीत आणि मूळ वाचने घेऊन ठेवावीत. टप्पा संपल्यावर छिद्रजलदाब उतरत नसेल आणि तरी खचण थांबलेली दिसत असेल, तर साधन तपासावे. खचण आणि छिद्रजलदाब यांचा मेळ बसल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये.

सर्वांत जास्त लक्ष पायथ्याच्या आडव्या हालचालीकडे द्यावे. माती संघनित होत असते तेव्हा मध्याची खचण पुढे असते आणि पायथ्याची आडवी सरक तिच्या मागे, लहान प्रमाणात, चालत राहते. माती कातरू लागली की आडवी सरक खचणीच्या मानाने भराभर वाढते, आणि भार थांबवल्यावरही ती मंदावत नाही. दोन्ही वाचने एकाच आलेखावर रोज मांडावीत. रेषा आडव्या सरकीकडे वळताना दिसली, तर भराव त्याच दिवशी थांबवावा, आधीचे वाचन चुकले असेल अशी समजूत करून घेत दुसऱ्या वाचनाची वाट पाहू नये. आणि सरक तरीही चालूच राहिली, तर वरचा थर काढून भार कमी करावा किंवा पायथ्याबाहेर प्रतिभार म्हणून बुटका बाजूभराव घालावा. असे थांबण्याचे अधिकार कोणाकडे आहेत, ते काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून ठेवावे.